दहा लाख तीन कुणाची

शिकवणीचे किस्से भाताच्या उडवीसारखे असतात. भाऱ्यावर भारा रचत जायचं, केवढी झाली ते खाली उतरल्यावर कळतं. आमची उडवी किन्हवलीच्या देसले सरांच्या पडवीतली, नव्वदच्या दशकातली. तिला काडी लावावी असं मला अजून वाटतं.

* * *

सरांना मूळ संख्यांचं वेड. एक आणि ती स्वतः सोडून जिला कुणी भागत नाही, ती मूळ संख्या. सर म्हणायचे, "न फुटणारी." जो मोठी न फुटणारी आणेल, त्याच्या नावासकट ती पडवीच्या भिंतीवर रंगवायचे. पहिला मान माझ्याबरोबर शिकणाऱ्या विलासचा, दहा हजार सात. दिवाळीला चुना लावताना काकू तेवढी जागा सोडायच्या. देवाच्या कोनाड्याचंही एवढं कौतुक नव्हतं.

त्या भिंतीवर मला माझं नाव पाहिजे होतं. दुसरं काही नको होतं.

* * *

एकदा सरांनीच फळ्यावर दहा हजार एक लिहिलं. तीन, सात, अकरा, तेरा लावून बघितले आणि हात झटकले. "ही पण मूळ."

विलास बसल्या जागेवरून म्हणाला, "सर, त्र्याहत्तरनं जाते. त्र्याहत्तर गुणिले एकशे सदतीस."

सरांनी पाठ थोपटली. "चूक काढावी तर अशी!"

मागच्याच आठवड्यात मी त्यांची एक चूक काढली होती. तेव्हा कान पिळून म्हणाले होते, "मोठ्यांना शिकवतोस?"

* * *

मी नऊ हजार नऊशे एक्क्याण्णव आणली. विलास करवंदं खात होता. बी थुंकून म्हणाला, "दहा हजारातून नऊ गेले. म्हणजे शंभराच्या अलीकडे तीन, पलीकडे तीन. सत्त्याण्णव गुणिले एकशे तीन. फुटली रे."

वर करवंदं पुढे केली. गोड होती, त्याचाही राग आला.

* * *

घरी आमचे बाबा. "दिवसभर कुणाला भागतोस?"

"आकड्याला."

"मग गुरांना पाणी कोन दाखवील, आकडा?"

* * *

शेवटी दहा लाख तीन. हजाराच्या आतली एकेक मूळ संख्या लावून बघितली. हजाराचा वर्गच दहा लाख, तेव्हा तिथपर्यंत कुणी भागलं नाही की पुढे कुणी भागत नाही. सरांनी माझं भागाकाराचं बाड उघडलंसुद्धा नाही. संख्या विलासकडे दिली, "तू बघ."

आठवडाभर घासून विलास आला. "नाय फुटत, सर."

सरांनी ब्रश घेतला. दहा लाख तीन. खाली लिहिलं, विलास.

"सर, आणली मी."

"आणतो कुणीपण रे. खात्री कुणी केली?"

विलास पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिला. मी आधी शिकवणी सोडली, मग बारावीत कॉलेज.

* * *

पुढे विलास इंजिनीअर झाला. मुरबाडला सत्कार ठेवला. मी तेव्हा मुरबाड-कल्याण जीप चालवायचो, पाहुण्यांना आणून मागे उभा होतो. सरांनी माइकवर दहा लाख तीनची गोष्ट रंगवून सांगितली, विलासच्या नावानं.

विलास उठला. "सर, ती माझी नाय. याची आहे."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. सरांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. "हा? जीपवाला? बरं, मग सांग, तिच्यापुढची मूळ संख्या कुठली?"

"दहा लाख तेहतीस."

सरांनी विलासकडे बघितलं. "बरोबर आहे का रे?"