तुळजाबाईच्या घरचा शेंगांचा रविवार

तुळजाबाईच्या घरी दर रविवारी मिलिटरीची रम निघते, ही बातमी गावात पहिल्यांदा सोडली रुद्रप्पा वाण्याने. आणि त्याचा पुरावा तसा बिनतोड होता. दुपारचे तीन वाजले की चार-पाच माजी सैनिक एकेक करून तिच्या घरात शिरतात. दार लोटलं जातं. दोन तासांनी बाहेर पडतात तेव्हा डोळे लाल, चाल संथ, बोलणं हळू. आणि सोमवारी सकाळी तिच्या उकिरड्यावर शेंगांच्या फोलपटांचा हा एवढा ढीग. "चखना कुणी चहासंगं खातंय का?" रुद्रप्पा साखर तोलता तोलता गिऱ्हाइकाला विचारायचा. आता केज तालुक्यात फौजी गावी आला की लोक त्याच्या तब्येतीच्या आधी त्याच्या कॅन्टीनच्या कोट्याची चौकशी करतात. त्यामुळे ही बातमी पिठाच्या गिरणीपर्यंत पोचायला एक दळणसुद्धा लागलं नाही.

खरं काय ते उघडकीस आणलं शेजारच्या केसरबाईने. विरजण मागायच्या निमित्ताने तिने दार ढकललं आणि थेट आत गेली. बघते तर खाली पोतं अंथरलेलं, मधोमध शेंगांची रास, भोवती पाच फौजी मांडी घालून बसलेले, प्रत्येकापुढे एक सूप, आणि सगळे मान खाली घालून शेंगा फोडताहेत. बाटलीचा पत्ता नाही. होता तो काळा चहा, तोही बिनसाखरेचा, कारण दोघांना शुगर. केसरबाई इतकी हिरमुसली की विरजण न घेताच परत आली. फौजींचे डोळे लाल कशाने होतात ते तिने सांगितलं नाही, आणि खरं सांगायचं तर कुणी विचारलंही नाही.

बरं, शेंगा फोडायचं मशीन तुळजाबाईच्या घरातच होतं. पोराने हौसेने आणून दिलेलं, कोपऱ्यात पोत्याखाली झाकून ठेवलेलं. बियाण्याच्या शेंगा हाताने फोडायच्या, म्हणजे दाणा दुभंगत नाही, हे सगळ्यांना मान्य. पण हिच्याकडे पेरण्या होऊन गेल्या तरी फोडणं सुरूच! बाई चिक्कू की खुळी, यावर गल्लीत दोन तट पडले होते.

याची सुरुवात झाली होती चौदा वर्षांपूर्वी, तिचा नवरा, फौजेतला हवालदार मुंजाजी, पेन्शनीवर घरी आला तेव्हा. त्याआधीची सतरा वर्षं बाईने घर, शेत, बैल, सासू सगळं एकटीने हाकलं होतं. नवरा वर्षातून दोन महिने यायचा, तोही दिवाळीच्या फराळासारखा, संपेपर्यंत गोड. आता कायमचा आला. पहाटे चारला उठायचा, पांघरुणाची चौकोनी घडी घालायचा, दारातल्या चपला, पाहुण्यांच्यासुद्धा, एका रांगेत लावायचा, आणि दिवसभर "हो" आणि "न्हाई" यापलीकडे तिसरा शब्द काढायचा नाही. "मला वाटलं पाव्हणा आला," ती सांगते. "मंग कळलं, ह्यो पाव्हणा जात न्हाई."

दोन वर्षं अशीच गेली. मग एका वैशाखात दोघं बियाण्याच्या शेंगा फोडत शेजारी शेजारी बसले होते आणि मुंजाजी आपणहून बोलायला लागला. बर्फातल्या एका चौकीबद्दल, तिथेच कायमच्या राहिलेल्या एका मित्राबद्दल. तुळजाबाईने मान वर केली नाही. बोटं थांबवली नाहीत. तोंडाकडे बघितलं तर हा मिटणार, एवढं तिला पक्कं कळलं होतं. रास संपत आली तशी तिने गुपचूप आतून अजून एक पायली शेंगा आणून ओतल्या. हीच तिची विद्या. ती तिने कुठल्या शिबिरात घेतली नाही.

पुढे गहिनीनाथ यायला लागला. लष्करात ट्रक चालवायचा, आता टेम्पो चालवतो, झोप कशी ती ठाऊक नव्हती त्याला. मग बाकीचे. त्यांच्या बायका मात्र त्यांच्याही आधी येऊन गेलेल्या असायच्या, मागच्या दाराने. अंजनाही तशीच आली.

अंजनाचा नवरा अंगद फेब्रुवारीत निवृत्त होऊन आला. फौजी घरी आला की उघडी जीप, डीजे, हार आणि वेशीपासून घरापर्यंत मिरवणूक, हा आता गावोगावचा रिवाज आहे. आमच्या गावाने हौसेत कसर ठेवली नाही. सुतळी बॉम्ब रुद्रप्पाच्याच दुकानातले. पहिला बॉम्ब जीपच्या चाकाशी फुटला, आणि गळ्यात पाच किलोचा हार घातलेला अंगद शेजारी उभ्या असलेल्या सात वर्षांच्या लेकीला, आरोहीला, खाली घेऊन तिच्यावर पालथा पडला. "फौजी उतरायच्या आधीच झिंगला बे!" कुणीतरी ओरडलं आणि लोक हसले. त्या गडबडीत पोरीचं मनगट मोडलं. प्लास्टर बसलं. पोरगी जीपमध्ये पडली, एवढंच सगळे धरून चालले. अंगद त्याच संध्याकाळी शेतातल्या आखाड्यावर, पत्र्याच्या खोलीत, राहायला गेला तो परत आला नाही.

"मावशी, आरोहीची परीक्षा झाली की भाऊ येणार हाय आमाला न्यायला," अंजना म्हणाली. "एकदा गेले तर परत येणं अवघड हाय. अन् ऱ्हायले तर कुणासाठी? भिंतीसाठी?"

तुळजाबाईने हिशेब सरळ केला: माणूस फटाक्याने पळाला, तर फटाके बंद करू. ती दारोदार फिरली. डीजेवाल्या पोरांना झापलं. रुद्रप्पाला तर दुकानात उभं राहून असं फैलावर घेतलं की त्याने सुतळी बॉम्बचे खोके तिच्या देखत आतल्या खोलीत टाकले. मग ती मोठ्या ऐटीत आखाड्यावर गेली.

"अंगद, गावात आता टिकलीसुदीक वाजणार न्हाई. चल घरी."

"बरं," अंगद म्हणाला, आणि होता तिथेच बसला.

ती दुसऱ्यांदा गेली. "बरं." तिसऱ्यांदा गेली. "बरं, मावशी." परतताना बांधावर तिचं तिलाच हसू आलं आणि रागही आला. जन्मभर तोंडाकडे न बघता ऐकणारी बाई आपण, आणि या पोरापुढे तीनदा उभं राहून डीजेसारखं वाजून आलो.

पुढच्या रविवारी शेंगांचं पोतं, सुपं आणि चहाची किटली गहिनीनाथच्या टेम्पोत चढली आणि सगळी पलटण अंगदच्या आखाड्यावर उतरली. कुणी त्याला "कसा हायेस" म्हटलं नाही. त्याच्यापुढे सूप सरकवलं, बस्स.

"हळू बे," थोड्या वेळाने गहिनीनाथ म्हणाला. "शेंग हाय ती, दुश्मन न्हाई."

अंगदच्या ओठाची एक कड हलली.

"मी बाजंखाली गेलतो," मुंजाजी एकदम म्हणाला. "पहिल्या दिवाळीला. फटाके सुरू झाले अन् मी बाजंखाली."

"अन् वहिनी काय म्हणल्या?" गहिनीनाथने विचारलं.

"काय न्हाई. हिनं खाली उशी सरकवली. म्हणली, पोरं दमली की निघा."

गहिनीनाथ असा हसला की त्याच्या सुपातले दाणे उडाले. अंगदही हसला. आणि हसता हसता, मान तशीच खाली ठेवून, म्हणाला, "पोरीचं हाड वाजलं, काका. माझ्याखाली. मला ऐकू आलं ते."

कुणी वर बघितलं नाही.

"लोक हसले त्याचं काय न्हाई. पण मी झोपेत बी हात झाडतो. घरात झोपायला एकच खोली. तिला माझ्यापासनं लांब ठेवलेलं बरं."

तुळजाबाईचं बोट शेंगेवर थांबलं. दोन महिने ती फटाक्यांशी भांडत होती, आणि हा माणूस स्वतःच्या हातांना भिऊन पळाला होता. ओंजळभर शेंगा तिने त्याच्या पुढ्यात लोटल्या.

घरी आल्यावर मात्र अंजनाला बोलावलं. "पोरीचं प्लास्टर कवा निघालं?"

"महिना झाला. सांगितलं की ह्यांना फोनवर."

"सांगितलंस. दावलं न्हाईस."

त्यानंतरचा रविवार आला तेव्हा आरोहीचा एकच पेपर राहिला होता. ती टेम्पोतून उतरली, बापाला चिकटून बसली आणि त्याच मनगटाने शेंगा फोडायला लागली. कट्. कट्. अंगदचं सूप तसंच. तो नुसता तिच्या हाताकडे बघत होता.

"दुखतंय का गं?"

"न्हाई."

"जोर लावल्यावर?"

पोरीला पुन्हा पुन्हा विचारलेलं आवडत नसावं. तिने त्याचं बोट पकडलं आणि शेंगेसारखं दाबलं. हवालदारासमोर एक फौजी "आई गं" म्हणून ओरडला.

"बघितलं जोर?" आरोही म्हणाली. "चला आता घरी. मला पाढे कुणी विचारंना."

त्या संध्याकाळी अंगद टेम्पोत बसला. सगळं एका रात्रीत जाग्यावर आलं असं कुणी समजू नये. महिनाभर तो ओसरीवरच झोपला. दर पंधरा दिवसांनी मुंजाजी त्याला एसटीने अंबाजोगाईला मनाच्या डॉक्टरकडे नेतो. पहिल्या खेपेला रुद्रप्पाने भुवया उडवल्या तेव्हा तुळजाबाई म्हणाली, "तू दाढंसाठी जातोस तवा आमी गावभर सांगतो का?" अंजनाचा भाऊ ठरल्याप्रमाणे आला, दोन वाट्या आमरस खाल्ला, आणि एकटाच परत गेला.

रविवार अजून चालू आहे. आता अंगदही वेळेवर येतो, आणि रुद्रप्पाही उंबऱ्यात घुटमळतो. रमची बातमी बुडाल्यापासून त्याचं पोट नीट नाही. मागच्या रविवारी त्याने कोपऱ्यातल्या मशीनवरचं पोतं उचलून बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "तुळजाबाई, चांगलं मशीन गंजतंय अन् तुमी फौजींकडून फुकट शेंगा फोडून घेता. कावून?"

तुळजाबाईने सुपातून मान वर काढली नाही.

"मशीन लई वाजतंय, रुद्रप्पा. माणूस काय बोलला ते ऐकू येत न्हाई."