दाजींनी चार्ज दिला

गेल्या मंगळवारी दुपारी सव्वादोनच्या सुमारास आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, बेडसे गावाबाहेर एका आंब्याखाली झोपले आणि चाळीस मिनिटे झोपले. वेळ मी स्वतः पाहिली. याची बातमी होते, कारण स्वस्थ बसण्याच्या कामी दाजींइतका नालायक माणूस अख्ख्या मावळात दुसरा नाही.

तळेगावजवळच्या एका कारखान्यात ते बावीस वर्षे शिफ्ट सुपरवायझर आहेत. दोन महिन्यांपूर्वी मशीनशेजारी उभ्या उभ्या रडू लागले आणि का रडतोय ते त्यांना सांगता येईना. तपासण्या झाल्या, काही निघाले नाही. डॉक्टरांनी लोणावळ्यातल्या समुपदेशक बाईंकडे पाठवले. कामाच्या ताणाने माणूस आतून रिकामा झालाय, असे बाई म्हणाल्या. रोज अर्धा तास काहीही न करता बसणे जमेपर्यंत कामावर जायचे नाही. दाजींनी हे टार्गेट म्हणून घेतले. मन शांत व्हावे म्हणून शिरगावच्या साईमंदिरात गेले, ते तासाभरात रांगेचे दोन भाग करून आणि प्रसादाचे टेबल हलवून परतले. सोमाटण्याला घरी कुकरच्या दोन शिट्ट्यांमधला वेळ मोजू लागले, तेव्हा ताई म्हणाली, "अहो, कंपनी तुम्हाला आठ तास तरी सांभाळत होती!" मनातले लिहायला बाईंनी वही दिली, तर तीत नोंद : "१.१०, काळजी सुरू. १.२५, काळजी बंद. कारण : जेवण."

"आणि त्यानंतर काय वाटलं?" बाईंनी विचारले.

"ते पुढच्या शिफ्टला विचारावं लागेल, मॅडम."

बाई हसल्या, पण रजा वाढली. परतताना गाडीत दाजी एवढेच म्हणाले, "हे नाहीच जमलं, तर मला परत घेतील का रे?"

घरापासून लांब बसून बघा, असे बाईंनी सुचवले, म्हणून मंगळवारी मी त्यांना बेडश्याला नेले. आंब्याखाली एक मावशी पावटा सोलत बसल्या होत्या. पाच मिनिटांत दाजी शेंगा लहानमोठ्या निवडू लागले.

"अवो पावनं, बसाया आलाय न्हवं? मग हाताला कसली खाज सुटलीया?"

दाजींनी खरे ते सांगितले. "मावशी, आमच्यात बदली माणूस आल्याशिवाय जागा सोडत नाहीत. मी रजेवर आलो तेव्हा चार्ज घ्यायला कुणी आलंच नव्हतं."

"येवढंच व्हय! मग मी घेते की. द्या."

आणि दाजींनी उभे राहून रीतसर चार्ज दिला. "सोललेला पावटा डावीकडे. टरफलं उजवीकडे. कुत्रं एक, बांधलेलं नाही. हा मोबाईल. कंपनीचा फोन आला तर—"

"तर सांगते, मानूस निजलाय. व्हा आडवं."

फोन आला. मावशींनी तसेच सांगितले, वर "आता हितलं समदं माज्याकडं हाय" असेही. दाजी उठले तेव्हा त्यांनी आधी मावशींकडे पाहिले. "काही प्रॉब्लेम?"

"न्हाई. पावटा झाला सोलून."

मी ताईला फोन लावला. तिने विचारले, "घोरत होते का रे?" मी हो म्हटले. "परत सांग," ती म्हणाली.

शुक्रवारी बाईंनी वही पाहिली. मंगळवारच्या पानावर "२.१०, झाडाखाली बसलो" अशी नोंद आहे. त्याखाली पान कोरे आहे.