साडूभाऊंच्या उजव्या हाताची रजा

स्वतः कामावर हजर राहून फक्त उजव्या हाताला रजेवर पाठवणारा माणूस अख्ख्या सुरतेत एकच निघेल, आणि तो माझा साडू आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणून मी त्यांना साडूभाऊ म्हणतो. मूळचे खानदेशातले, घर कोसाडला, नोकरी आमच्या पर्वत पाटियाजवळ, साड्यांची डिझाइनं काढणाऱ्या एका ऑफिसात. दिवसभर कॉम्प्युटरवर माउसने मोर आणि कुयऱ्या काढायच्या, संध्याकाळी भजनी मंडळात पेटी वाजवायची, आणि रविवारी घरच्या कॉम्प्युटरवर अहिराणी गाणी रेकॉर्ड करून त्यात शिरलेलं कुत्र्याचं भुंकणं पुन्हा माउसनेच कापत बसायचं. पेटीवर बसले की उठणं त्यांना माहीत नव्हतं. आरती झाली, प्रसाद वाटून झाला, लोक सतरंजी गुंडाळत गुंडाळत त्यांच्यापर्यंत आले, तरी हे त्या गुंडाळीला टेकून भैरवी वाजवतायत!

मग व्हायचं तेच झालं. आधी उजवा अंगठा दुखायला लागला, मग मनगट, मग पार कोपरापर्यंत कळा. दुसरा कोणी असता तर डॉक्टरकडे गेला असता. साडूभाऊंनी ते दुखणं घरातल्या भांडणासारखं मनावर घेतलं. "हात मना शे, पन मनं आयकत नही," हात माझाच, पण माझं ऐकत नाही, असं ते हाताकडे रागाने बघत अहिराणीत म्हणायचे. शेवटी एका सकाळी त्यांनी उजवा हात उपरण्यात बांधून गळ्यात अडकवला आणि ऑफिस गाठलं. शेठ बघतच राहिले. "तमे काम पर आव्या छो के रजा पर छो?" साडूभाऊ शांतपणे म्हणाले, "मी आलोय, शेठ. हा रजेवर आहे." त्याच आठवड्यात एका लग्नात ते डाव्या हाताने जेवायला बसले. पंगतीतल्या एका म्हाताऱ्या मामांनी सगळ्यांसमोर टोकलं, तेव्हा साडूभाऊंनी उपरण्याकडे बोट दाखवलं. "कामावर नाही, तर त्याला जेवायला कशाला घालू, मामा?"

पण डाव्या हाताला माउस जमेना. म्हणून त्यांनी माउस टेबलाखाली ठेवला आणि पायाच्या अंगठ्याने मोर काढायला घेतला. मोराची मान अशी लचकली, की जणू रात्री उशी नीट मिळाली नव्हती! साडूभाऊ ते चित्र पुसणार, एवढ्यात शेठ मागे येऊन उभे राहिले. "आ तो एकदम नवी डिझाइन छे!" झालं, आठवडाभर मान अवघडलेल्या मोरांचीच मागणी. परिणामी पायाच्या अंगठ्याला पेटके येऊ लागले आणि शनिवारी साडूभाऊ एका पायात चप्पल आणि एका पायाला फडकं अशा थाटात आमच्या दारात उभे राहिले. "आता हा पण रजेवर," एवढंच म्हणाले.

त्या दिवशी ताई, म्हणजे माझी मेव्हणी, त्यांना ओढतच फिजिओथेरपीवाल्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेल्या. मीही बरोबर होतो. बाई तरुण, गुजराती, आवाजाने अगदी मऊ. त्यांनी बोटं वाकवून पाहिली, अंगठा दाबला, साडूभाऊ ओरडले. मग बाईंनी बजावलं: कॉम्प्युटरचं काम थोडं थोडं, मध्ये विश्रांती घेऊन करायचं, सांगितलेले व्यायाम रोज करायचे आणि दीड महिना पेटीला हात लावायचा नाही.

"पण बाई, वाजवताना दुखतच नाही," साडूभाऊ म्हणाले. "थांबलो की दुखतं. म्हणून थांबत नाही."

बाई हसल्या नाहीत. "काका, आ हाथ छे, मशीन नथी."

साडूभाऊंनी उजवा हात पुन्हा उपरण्यात ठेवला. मग त्यांनी हळूच विचारलं, "पुन्हा वाजवता येईल ना?"

"आत्ता ऐकलंत, तर येईल," बाई या वेळी मराठीत म्हणाल्या.

घरी पेटी दिसली तर राहवणार नाही, म्हणून ताईंनी ती आमच्याकडे आणून ठेवली. आणि दुसऱ्याच दिवशी ऑफिस सुटल्यावर साडूभाऊ हजर! निमित्त चहाचं. डाव्या हाताने चहा प्यायचे, उजव्या हाताची बोटं ताणून व्यायाम करायचे आणि पेटीकडे पाठ करून बसायचे. एकदा मला म्हणाले, "तुम्ही जरा पांढरी चार दाबा ना." मला पेटीतलं ओ की ठो कळत नाही. कोणती पट्टी ते त्यांनी लांबूनच दाखवलं. मी भाता हलवला, पट्टी दाबली. तो एकच सूर निघत राहिला आणि साडूभाऊ डोळे मिटून बसले. माझी बायको चहाचे कप न्यायला आली होती, ती तशीच दारात थांबली. मग हे रोजचंच झालं. महिनाभरात मला तीन पट्ट्या वाजवता यायला लागल्या आणि साडूभाऊ मला चौथी शिकवायला निघाले.

दीड महिन्याने बाईंनी रोज दहा मिनिटांची परवानगी दिली. साडूभाऊ रिक्षा घेऊनच पेटी न्यायला आले. जड काही उचलायचं नाही, असं बाईंनी बजावलेलं, तेव्हा पेटी मीच उचलली. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. मी एकेक पायरी उतरत होतो आणि साडूभाऊ माझ्यापुढे उलटे चालत होते, दोन्ही हात पेटीखाली पसरून, पण तिला बोटही न लावता.