बेबाबाईंनी बेतलेली मॅट

फैजपूरच्या अलीकडच्या एका गावात बेबाबाई तीस वर्षांपासून ब्लाउज शिवतात. माप घेताना त्या समोरच्या बाईला बोलू देत नाहीत. "जरा सैल ठेवा" म्हणणारीला मनातून घट्ट हवा असतो आणि "घट्ट चालेल" म्हणणारी दिवाळीनंतर तोच उसवायला आणते, हे त्यांना पाठ झालंय. त्यांचा विश्वास फक्त टेपवर.

त्यांचे यजमान सुपडूभाऊ पिकअप चालवतात. बागेत केळीचे घड भरायचे आणि धुळ्याच्या बाजारात उतरवायचे. केळीचा चीक कपड्याला लागला, की तो डाग कपड्याबरोबरच जातो. चपलांना लागून हा चीक केबिनमध्ये यायचा, वर बागेतला गाळ. चार पावसाळ्यांत पायाखालचा पत्रा असा कुजला, की क्लचजवळच्या भोकातून सुपडूभाऊंना रस्ता दिसू लागला. वारा बरा लागतो म्हणून त्यांची काही तक्रार नव्हती. शेवटी बेबाबाईंनीच पत्र्याला ठिगळ मारायला लावलं, आणि त्यावर टाकायला सुपडूभाऊ जळगावहून नवी मॅट घेऊन आले. लाल, मखमली, कडेला सोनेरी टीप.

"माप कोनं घेतलं?" बेबाबाईंनी विचारलं.

"माप नसते. दुकानवाला म्हने, सगळ्या गाड्यांले बसते."

"सगळ्यांले बसते ते गोनपाट," म्हणून त्या पुन्हा मशीनवर बसल्या.

पुढच्या आठवड्यात धुळ्याला भाचीचं डोहाळजेवण होतं. केळी जाणारच होती, तेव्हा बेबाबाईही गाडीत बसल्या. चोपडा गेलं, शिरपूर गेलं. सोनगीर जवळ आलं तसा पुढच्या ट्रेलरने वेग कमी केला. सुपडूभाऊंनी ब्रेकवर पाय दिला. ब्रेक अर्ध्यावर जाऊन अडला. त्यांनी आणखी जोर लावला. ट्रेलरच्या मागे लिहिलेलं सगळं आता वाचता येत होतं. बेबाबाईंनी खाली पाहिलं. मखमल पुढे सरकून, घडी होऊन ब्रेकच्या खाली बसली होती. त्या वाकल्या, दोन्ही हातांनी ती घडी ओढू लागल्या. तेवढ्यात सुपडूभाऊंनी गाडी डावीकडे घातली आणि पिकअप खडीच्या ढिगात जाऊन थांबली.

एक दिवा फुटला, बेबाबाईंच्या कपाळाला टेंगूळ आलं, केळीला काही झालं नाही. चहाच्या टपरीवरची माणसं धावत आली.

"काय व्हयनं भाऊ? बठ्ठं बरं शे ना?"

"ब्रेक लागला नाही," सुपडूभाऊ म्हणाले. 

"ब्रेक लागला असता," बेबाबाई म्हणाल्या. मॅट अजून त्यांच्या मुठीत होती. "हिनं लागू दिला नाही."

डोहाळजेवणाला त्या वेळेवर पोचल्या.  परत येताना मात्र पिकअपमध्ये बसल्या नाहीत, एसटीने आल्या. नीट मॅट बसेपर्यंत या गाडीत पाय ठेवणार नाही, असं त्यांनी सांगून टाकलं.

मॅट घेऊन त्या स्वतः जळगावच्या दुकानात गेल्या. गल्ल्यावर मनन होता, आत गादीवर त्याचे आजोबा दलिचंद शेठ.

"काकू, हीच सगळ्यात जास्त खपते," मनन म्हणाला.

"खपत असेल. मला न सरकणारी दाखव."

मननने पाच प्रकार काढले. बेबाबाईंनी एकीचा कोपरा दुमडला. तिथे पांढरी रेघ उमटली, म्हणजे पुढे तिथेच तुटणार. दुसरीला मागून पकड नव्हती. तिसरीला कड नव्हती, चीक सरळ पत्र्यावर उतरला असता. चौथीचा वास घेऊनच बाजूला ठेवली. पाचवी बरी होती, पण कारची होती.

दलिचंद शेठ बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "बाई, तुम्हाला पाहिजे तसा माल आमच्याकडे नाही. सरकी-ढेपीच्या दुकानात जा. गोठ्यात टाकायचा रबर मिळतो."

मनन आजोबांकडे बघत राहिला.

म्हशीखाली टाकायच्या रबरातला सगळ्यात पातळ तुकडा बेबाबाईंनी आणला. सुपडूभाऊंना ते लागलं.

"आता मले म्हशीची चटई?"

"म्हैस चारशे किलोची. तिचा पाय सरकत नाही. तुमचा काहून सरकेल?"

आधी त्यांनी जुन्या पेपरवर बेत काढला. दोन दिवस केबिनमध्ये आडव्या पडून प्रत्येक वळण, प्रत्येक बोल्ट टेपने मोजला. मग रबर कापला आणि तो उलटा कापला गेला. तीस वर्षांत असं झालं नव्हतं. तो तुकडा त्यांनी मोरीपाशी टाकला आणि दुसरा आणला. या खेपेला मॅट पत्र्यावर अशी बसली, की कडेला काडी जाईना. ब्रेक-क्लचच्या खाली मात्र त्यांनी मोकळी जागा सोडली होती. सरकू नये म्हणून पत्र्याला हुक लावून घेतले आणि मॅटला त्यांची काजं केली.

मग त्यांनी सुपडूभाऊंना गाडीत बसवलं आणि स्वतः खाली वाकून ब्रेकच्या मागे दोन बोटं धरली.

"दाबा."

"हात काढ आधी."

"दाबा म्हनते ना."

सुपडूभाऊंनी डोळे मिटले आणि ब्रेक तळापर्यंत दाबला. बोटं शाबूत राहिली. "पुन्हा," बेबाबाई म्हणाल्या. असं पंचवीस वेळा झालं. शेवटी सुपडूभाऊंनी स्टिअरिंगवर डोकं टेकवलं. "सोनगीरले मले वाटलं, तू गेली," ते म्हणाले. बेबाबाई म्हणाल्या, "आता क्लच."

त्याच आठवड्यात त्या पिकअपमध्ये बसून बहिणीकडे जाऊन आल्या.

मॅटची बातमी बागांमधून फिरली. पहिला आला यावलचा झुलाल, त्याची पिकअप घेऊन. बेबाबाईंनी त्याचं काही ऐकून न घेता गाडीचं माप घेतलं, वहीत नाव लिहिलं आणि गावातल्या दीपमालाच्या दोन ब्लाउजांनंतरची तारीख दिली. झुलाल सांगितलेल्या दिवशी बरोबर हजर झाला. मॅट भिंतीला टेकवलेली होती. त्याने उचलायला हात घातला.

"राहू दे," मशीनवरून मान वर न करता बेबाबाई म्हणाल्या. "हुकची काजं राहिलीत. परवा ये."