बिनगाण्याची कॅसेट

माझ्या धाकट्या दिराने आयुष्यात एकच काम पुरं केलं, ते म्हणजे एक कॅसेट. नाचायची. तिच्यात गाणं नव्हतं, गाणारा नव्हता, ढोल-सनई नव्हती. नुसती मशीनं वाजायची. दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं तेव्हाची गोष्ट.

दीर हिंगोलीत एका बँडमध्ये कीबोर्ड वाजवायचा. बँड मोडला आणि त्याच्या वाट्याला सामान आलं. अर्ध्या पट्ट्या मुक्या झालेला कीबोर्ड, ठेका धरणारी खटक्यांची पेटी, आवाज घुमवणारं एक मशीन आणि दोन कॅसेटा बसणारा टेप. ते बैलगाडीत घालून तो साखऱ्याला, आमच्या घरी आला आणि म्हणाला, "वहिनी, आता गाण्यावर कोणी नाचत न्हाई. शहरात नुसत्या ठेक्यावर नाचून राहिले लोक. मी माझी कॅसेट काढतो."

मी म्हटलं, "काढा. पण मेंढरं कोण काढणार?"

घरात साठ मेंढरं आणि आठ शेळ्या होत्या. त्यांच्यामागे मी हिंडत होते आणि माझे गुडघे कामातून गेले होते. माझे मालक, म्हणजे दिराचे थोरले भाऊ, पांढरे कपडे घालून नाक्यावर चहा प्यायला जायचे आणि दुपारी जेवायला यायचे. त्यालाच ते काम म्हणत. मी दोघा भावांना समोर बसवून सांगितलं, "नणंदेच्या पोराचं लग्न होऊ द्या. दुसऱ्या दिवसापासून मी मेंढरांमागे जाणार न्हाई. तुमच्यातलं कोण जातं ते ठरवा."

दोघांनी पैज लावली. आमच्याकडे लग्नाआधी नवरदेवाला घोड्यावर बसवून मारुतीला नेतात आणि नाचत-वाजत मांडवात आणतात. त्याला परण्या म्हणतात. त्या परण्यात दिराची कॅसेट लावायची. लोक नाचले तर मेंढरांमागे मालक, न्हाई नाचले तर दीर. मालक हसत सुटले. "बिनगाण्यावर कोण नाचतंय? काठी तेल लावून ठेव."

मला कोणीही हरलं तरी चालणार होतं. म्हणून मी मदत केली, नाहीतर केली नसती.

कॅसेट भरायला शांत जागा पाहिजे होती. पुढची खोली वेचलेल्या कापसाने अर्धी भरली होती. तिथे बोललेलं भिंतीपर्यंतसुद्धा जात नसे. दीर त्या कापसात सामान मांडून बसला. दिवसा लाइन नसायची, म्हणून त्याने जुन्या ट्रॅक्टरची बॅटरी आणून तिच्यावर टेप जोडला. कीबोर्ड सेलवर चालायचा.

मला त्याने बोट मागितलं. म्हणजे असं की, ठेका पुन्हा पुन्हा यावा म्हणून त्याने कॅसेटमधली हातभर फीत कापली, टोकाला टोक चिकटवून कडं केलं आणि टेपात बसवलं. कडं मोठं होतं. ते टेपातून बाहेर यायचं, माझ्या बोटाभोवती फिरायचं आणि परत आत जायचं. मेंढरं वाड्यात कोंडून मी चार दिवस दुपारी बोट वर करून बसले. शेजारीण डोकावून म्हणाली, "काहून गं, शाळेत गेलीस का परत?"

मी चौथीपर्यंत शिकले, पण इतका वेळ बोट वर करून कधी बसले नव्हते.

पहिल्याच दिवशी आमची काळी शेळी सरकीच्या वासाने आत घुसली आणि टेपाच्या माईकपाशी "बेंऽ" करून ओरडली. ते कड्यात भरलं गेलं. मग काय, धिक-धिक, धिक-धिक, बेंऽ. धिक-धिक, धिक-धिक, बेंऽ. मी म्हटलं, "भावजी, पुसा ते." दिराने डोळे मिटून मान हलवली. "न्हाई वहिनी, बराबर समेवर आली ती. राहू द्या."

एकेक तुकडा भरला की आम्ही त्याच बॅटरीवर ऐकायचो आणि तो बराबर वाटायचा. दोन्ही बाजू भरल्या, आता सबंध कॅसेट एकदा ऐकावी म्हटलं, तर बॅटरीने मान टाकली. ऐकायचं राहिलं ते राहिलंच.

लग्न कनेरगाव नाक्याला होतं. मुहूर्त साडेबाराचा. आमच्याकडे साडेबाराचं लग्न तीनला लागतं, कारण परण्या मारुतीपासून मांडवात यायला दोन तास घेतो. ते सगळ्यांना ठाऊक असतं, त्यामुळे कोणी घाई करत नाही.

जीपवर कर्णे आणि जनरेटर होता. दिराने कॅसेट घातली. पहिला तुकडा बराबर वाजला, पण कोणी पाय हलवला नाही. माणसं हात मागे बांधून गाणं कधी सुरू होतं त्याची वाट बघत होती. मालकांनी माझ्याकडे बघून मिशी चोळली. तेवढ्यात "बेंऽ" झालं. पोरं खिदळली. दुसऱ्या वेळी झालं तेव्हा पोरं बरोबर ओरडली. तिसऱ्या वेळी नवरदेवाचे चुलतेही ओरडले, आणि परण्या हलला.

मग ठेका वाढायला लागला. आधी वाटलं, माणसं रंगात आली आहेत. पण दुसरा तुकडा पहिल्याहून भरभर, तिसरा त्याहून भरभर. बाजू उलटली तेव्हा शेळी करडासारखी ओरडायला लागली होती आणि माणसं उड्या मारता मारता पळायला लागली होती. नवरदेवाचा घोडा ठेक्यावर दुडक्या चालीने निघाला. नवरदेव ओरडला, "कोणी तरी धरा याला!" धरायला कोण रिकामं होतं? माझी नणंद हातात आरतीचं ताट घेऊन पुढच्या पुढे गेली ती थेट मांडवातच दिसली.

परण्या पाऊण तासात पोचला. मांडवात आचारी आणि एक कुत्रं होतं. नवरीचे केस ओले होते. भटजी अजून यायचे होते. नवरीचा बाप बनियनवर बाहेर आला आणि म्हणाला, "कोण तुमी?"

जनरेटरवाल्याने मग उलगडून सांगितलं. भरताना बॅटरी उतरत गेली, तसा टेप मंद फिरत गेला. मंद भरलेलं चांगल्या करंटवर लावलं की पळतंच. पुढे दिराने पुऱ्या चार्ज केलेल्या बॅटरीवर दुसऱ्या कॅसेटची एक बाजू भरली. ती एका चालीत वाजायची. कोणी विचारलंसुद्धा नाही, म्हणून दुसरी बाजू कोरीच राहिली.

भटजींची वाट बघत सगळे बसले होते, तेव्हा पैजेचा वाद निघाला. मालक म्हणाले, "हे नाचणं न्हाई. हे पळणं आहे. पैज नाचण्याची होती."

दीर रडवेला झाला. "दादा, अख्खा परण्या हलला!"

"गावात आग लागली तरी हलतो."

पाव्हणे म्हणाले, वहिनीला विचारा. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला कोणीही चाललं असतं, पण जे पाहिलं ते पाहिलं.

मी म्हटलं, "नाचलात. तुमी सगळ्यांच्या पुढं होता. तोंडात रुमाल धरून."

"मी गर्दीत ढकलला गेलो."

"मग रुमाल तोंडात कोणी ढकलला?"

पाव्हणे इतके हसले की नवरीचा बाप पुन्हा बाहेर आला. मालकांचा फेटा सुटून खांद्यावर लोंबत होता, तो त्यांनी गुंडाळून काखेत मारला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते काठी घेऊन निघाले, तेही पांढऱ्याच कपड्यांत. मेंढरं जागची हलेनात. ती त्यांना ओळखत नव्हती, सगळी माझ्याकडे बघत उभी राहिली. मालकही माझ्याकडे बघत उभे राहिले. मी आत गेले आणि दार लावून घेतलं.