दाखव बघू

नानांनी उभ्या जन्मात पिशवीतलं दूध तोंडाला लावलं नाही. रोज सकाळी गवळ्यांच्या दूध कट्ट्यावर जायचं, म्हशीची धार डोळ्यांसमोर काढून घ्यायची आणि तिथंच उभ्यानं पेला रिकामा करायचा. गवळी जुन्या ओळखीचा, तरी आधी पेला उपडा करून बघणार. "गड्यावर इस्वास हाय की. पेल्यावर न्हाय," म्हणायचे.

नाना म्हणजे माझे थोरले चुलते. त्यांच्या संशयातून कुणीच सुटत नसे. लग्नपत्रिकेवर 'आहेर आणू नये' छापलेलं असलं की ते मुद्दाम आहेर घेऊन जात. डॉक्टर हसून बोलले, तर घरी येऊन म्हणत, "हसला म्हंजे कायतरी लपीवतोय."

माझं प्रकरण तर त्यांच्या मते उघड उघड फसवणूक होती. प्रवेश पुण्याच्या कॉलेजात आणि पहिलंच सत्र जर्मनीत! "साखरपुड्याआधी वरात काडत्यात व्हय?" त्यांनी पप्पांना विचारलं. मग माझ्याकडे वळले. "जर्मनमधनं भांडून दाखव बघू." मला नाव-गाव सांगण्यापलीकडे काही येत नव्हतं. "भांडता येत न्हाय म्हंजे भाषा येत न्हाय," नाना म्हणाले. मला भयंकर राग आला, कारण ते खरं होतं.

तिथं गेल्यावर वर्गातलं काही कळेना. दुकानात बोट दाखवून पाव घ्यायचा आणि खोलीवर येऊन दार लावायचं. परत जायचं मी मनाशी पक्कं करत आणलं होतं. व्हिडिओ कॉलवर मात्र मी सांगत होते, "मस्त चाललंय, मैत्रिणी पण झाल्यात." आई-पप्पा खूश. नाना डोळे बारीक करून बघत होते.

"मैत्रिनी हैत? एक दाखव बघू."

"आत्ता नाहीत, नाना."

"तुझं नाव घिऊन दाखवू दे एकीनं. मग मानतो."

चिडून मी फोन घेऊन शेजारच्या खोलीचं दार वाजवलं. लेना नावाची उंच मुलगी बाहेर आली. मोडकंतोडकं बोलून, हातवारे करून मी तिला सगळं समजावलं. ती मनापासून हसली आणि माझं नाव घ्यायला गेली. आता 'ज्ञानदा' म्हणणं तिच्या जिभेला कुठून झेपावं? नाना खवळले. "भाड्यानं आनलीस हिला! उद्या परत बघनार."

उद्या झालं, परवा झालं. ती माझं नाव घोटायची, मी तिची भाषा. मग आम्ही एकत्र जेवायला लागलो. स्वयंपाकघरात भांडी कुणी घासायची यावरून एकदा जोरदार भांडलोसुद्धा. परतीचा विचार मागे पडला. शेवटी तिनं नाव स्वच्छ घेतलं, तेव्हा नाना एवढंच म्हणाले, "हं. हिला जेवाय काय घातलंस?"

सत्र संपत आलं असताना पप्पांचा व्हिडिओ कॉल आला. "नाना गेले, बाळा."

"खोटं," मी म्हणाले. "दाखवा."

पप्पांनी फोन फिरवला. नानांचे डोळे मिटलेले होते. मी वाट बघत राहिले, आता डोळे बारीक करून उघडतील म्हणून.

मागून लेनानं हाक मारली. नाव अगदी बरोबर घेतलं तिनं. ते पारखायला नाना नव्हते.