गोल इमारतीला नमस्कार

हरिद्वारहून परतताना दिल्लीत एक दिवस मिळाला. माय, बा आणि मी. बा दर निवडणुकीला मत देत आले होते. ते मत जातं कुठं हे एकदा पाहावं, एवढीच त्यांची इच्छा होती. मी हिंगोलीला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो, आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच. त्यामुळं दाखवायचं काम माझ्याकडं आलं.

दिल्ली दर्शनाची बस कॅनॉट प्लेसमधून सुटणार होती. आम्ही फार लवकर पोचलो. समोर पांढरी गोल इमारत, खांबच खांब.

"लोकसभा हीच का रे?" बांनी विचारलं.

नागरिकशास्त्राच्या पुस्तकातलं चित्र आठवलं. तेही गोल होतं.

"व्हय, हीच असंल," मी म्हणालो. बांनी 'व्हय' तेवढं ऐकलं.

त्यांनी चपला काढल्या, टोपी नीट केली, हात जोडून डोळे मिटले. समोर शटर वर करणाऱ्या माणसानंही गोंधळून हात जोडले. आत बुटांच्या रांगा दिसल्या.

"अवं, लोकसभेत इतके बूट काहून?" माय म्हणाली.

बांनी डोळे उघडले. "मेंबर लोकायचे असतील. काढून गेले असतील आत."

मी बस आली का ते पाहू लागलो.

बस सुटली. थोड्या वेळानं गाईड म्हणाला, "दाहिने हाथ पे संसद भवन." बस थांबली नाही, नुसती हळू झाली. बांनी उजवीकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"दोन हायेत का? एक लोकसभा, एक राज्यसभा?"

व्हय म्हटलं असतं तर चाललं असतं.

"न्हाई बा. हीच खरी. सकाळचं ते दुकान होतं. मला बराबर माहीत नव्हतं."

एवढं सांगेपर्यंत इमारत मागं पडली. बा मान वळवून मागच्या काचेतून पाहत राहिले.

"कॉलेजात काय शिकवून राहिले रे तुला?" माय म्हणाली.

कुतुबमिनारला बा मला सोडून थेट गाईडकडं गेले. हा कोणी बांधला, त्यांनी आपल्या हिंदीत विचारलं. गाईडनं भरभर बरंच काही सांगितलं. बांनी शेवटपर्यंत मान हलवली आणि माझ्याकडं आले.

"काय म्हणला तो?"

"अर्धं कळलं, बा. अर्धं न्हाई."

"मंग जेवढं कळलं तेवढं सांग," बा म्हणाले आणि ऐकायला खाली बसले.